पुढच्या पिकअपकडून काय मागायचं? आधी आहे ती गाडी काट्यावर घाला

प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं वापरलेली मध्यम आकाराची डबल-कॅब डिझेल पिकअप आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, हौद्यावर कॅनोपी (बंद टप) आहे, अधूनमधून ट्रेलर ओढला जातो. नवीन मॉडेल येणार म्हणून मालकाने अपेक्षांची यादी केली आहे. जास्त ताकद, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, मागे डिस्क ब्रेक, हायब्रिड, मोठी टाकी, मोठा स्क्रीन. यातलं काय खरंच येईल, आग्रह कशाचा धरावा आणि तोवर थांबावं का?

वीसेक वर्षं मी याच वर्गातल्या गाड्यांच्या खाली पडून काम करतो आहे. अशा याद्या रोज ऐकतो, आणि त्या वाईट नसतात. पण प्रत्येक यादीत एक कलम राहून गेलेलं असतं: भारक्षमता. यादीतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला वजन आहे आणि ते वजन कुठून तरी वजा होतं. कुठून, ते आधी बघू.

मागे एक गाडी आली होती. तक्रार एकच, "मागून बसली आहे, जाड पाटे टाकून द्या." पाट्यांना पाना लावायच्या आधी मी मालकांना म्हटलं, सहलीला निघता तशी भरा आणि वजनकाट्यावर चला. ते हसले, पण आले. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर कमाल वजन होतं ३,०५० किलो, कागदांत रिकामं वजन २,०८० किलो. म्हणजे हातात ९७० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. आता मोजा. पुढचा लोखंडी बंपर ६०, विंच ३५, कॅनोपी ७५, हौद्यातले खण ७०, टपावरचा तंबू ६५, दुसरी बॅटरी २५. झाले ३३०. उरले ६४०. पाच माणसं सरासरी ७५ किलोंची धरली तर ३७५. उरले २६५. दोन टनांचा ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर बसतो, म्हणजे २००. उरले ६५. साठ लिटर पाणी भरलं की उरले पाच किलो, आणि बॅगा अजून घरातच आहेत.

(काही देशांत रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून भारक्षमता ताडताना हे आधी बघा, नाहीतर तुलना सुरुवातीलाच चुकते.)

हे झालं एकूण वजनाचं. मागच्या एक्सलचा हिशेब याहून कडक असतो आणि तो फार कमी लोक करतात. हुक एक्सलच्या मागे असतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ३.१ मीटर आणि हुक एक्सलपासून १.२ मीटर मागे धरला, तर हुकवरचे २०० किलो मागच्या एक्सलवर २७७ किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचं ७७ किलो वजन उचललं जातं. म्हणून मागून बसलेल्या गाडीचं स्टिअरिंग हलकं लागतं. त्या गाडीचं एकूण वजन काट्यावर कसंबसं मर्यादेत आलं, मागचा एक्सल मात्र मर्यादेच्या पुढे गेला होता. पाट्यांचा काही दोष नव्हता, ते बिचारे सांगितलेलंच काम करत होते.

जाड पाटे टाकले की गाडी वर उचलली जाते, पण परवानगीचं वजन वाढत नाही. ते ठरतं एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी या सगळ्यांवरून. पाटा आणि चासीच्या मध्ये एअरबॅग (हवा भरलेली रबरी पिशवी) बसवून गाडी सरळ करणाऱ्यांना तर मी हात जोडतो. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना चासीवर देतो. एअरबॅग तोच भार एक्सलच्या डोक्यावर एका ठिकाणी देते. वर हुकवर वजन आणि खाली खराब रस्ता असेल, तर चासी कॅबच्या मागे वाकते. वाकलेली चासी ओळखायला यंत्र लागत नाही. कॅब आणि हौद्यामधली फट बघा. वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, की समजा शेपूट खाली गेलंय.

तेव्हा पुढच्या मॉडेलकडून पहिली मागणी माझ्या मते ही असावी: सुविधा वाढवा, पण तेवढी भारक्षमता टिकवा. हे बोलायला सोपं आहे, कंपन्यांना करायला अवघड. कारण वरून छप्पर ठोकलेलं आहे. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलो कमाल वजनापर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे जगभर विकायच्या गाडीचं कमाल वजन त्याच्या आतच राहतं. खालून मात्र रिकामं वजन दर पिढीला वाढतं आहे: मोठी कॅब, जास्त सुरक्षा-एअरबॅग, जाड काचा, मोठी चाकं. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तुमचं सामान. एक टनाचा आकडा अनेक डबल-कॅब गाड्या इतक्या नेमकेपणाने का गाठतात, यामागे करही आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पर्यंत एक टन किंवा जास्त भारक्षमतेची डबल-कॅब कंपनीने दिलेल्या गाडीवरच्या कराच्या हिशेबात मालवाहू गाडी धरली जात होती. कायदा बदलला की एक टन गाठायची ओढ कमी होते, म्हणून आता या आकड्यावर ग्राहकांनी डोळा ठेवायला हवा.

आता यादीकडे येतो.

ताकद. ती येणार, मागितली नाही तरी. याच वर्गातल्या टोयोटा टॅकोमाच्या आधीच्या पिढीत ३.५ लिटरचं व्ही-सिक्स होतं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ३६० न्यूटन-मीटर. २०२४ च्या मॉडेलपासून आलेल्या पिढीत २.४ लिटरचं टर्बो आहे, आणि त्याच्या हायब्रिड रूपात तो आकडा ६३० पर्यंत जातो. पण जुन्या टॅकोमाचे मालक "ताकद नाही" म्हणत तेव्हा खरी तक्रार गिअरबॉक्सची असायची. चढावर गाडी सारखी गिअर शोधत बसायची, कारण कमी आरपीएमला इंजिनात दम नव्हता. टर्बोने ते सोडवलं. तुमचं डिझेल असल्यामुळे हा त्रास तुम्हाला मुळात नसावा. ट्रेलर ओढताना मला जास्त काळजी थंड ठेवण्याची वाटते. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर द्या, एवढं साधं मागणं आहे. कित्येक गाड्यांत ते मोजणारा सेन्सर असतो, फक्त आकडा चालकाला दिसत नाही. स्कॅनर जोडला की मला दिसतो. माझ्या डोळ्यांना दिसून काय उपयोग, घाट तुम्ही चढताय.

कॉइल स्प्रिंग. यावर मालकांत दोन तट आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पाटा दोन कामं करतो. वजन पेलतो आणि एक्सल जागेवर धरतो. स्वस्त, मजबूत, रस्त्यात तुटला तरी बांधून घरी आणता येतो. पण रिकाम्या गाडीत तो उड्या मारायला लावतो, कारण त्याचा कडकपणा भरलेल्या गाडीसाठी ठरवलेला असतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणामुळे लहान खड्डे तो गिळतच नाही. कॉइल वजन पेलते, एक्सल धरायला वेगळ्या दांड्या लागतात. चाल सुधारते, बुश (सांध्यांतले रबर) वाढतात, आणि कायम भरलेल्या गाडीत कॉइल लवकर दमते. टॅकोमाने मध्यम मार्ग घेतला. कामाच्या खालच्या मॉडेलना पाटे, वरच्यांना कॉइल. हेच मला पटतं. एकच उत्तर सगळ्यांवर लादू नये. तुम्ही कॅनोपी कायम लावून फिरता, ट्रेलरही आहे, तर तुमच्यासाठी मी कमी संख्येचे, मधे जाड आणि टोकांना निमुळते असे पॅराबोलिक पाटे मागीन. घर्षण कमी, चाल बरी आणि भार पेलण्याची ताकद तीच.

मागचे डिस्क ब्रेक. हो, मागा. ड्रमची बाजू घेणारे म्हणतात, हँडब्रेक घट्ट लागतो, लायनर टिकतात. दोन्ही खरं. पण चिखलातून आलेल्या गाडीचा ड्रम उघडून बघा. आत लायनरची काळी भुकटी आणि माती यांची वाळलेली पेस्ट, आणि ड्रमला आतून चरे. आत गेलेला चिखल बाहेर यायला वाटच नसते. डिस्क दोन-चार ब्रेक दाबले की स्वतःला पुसून घेते. टॅकोमाने याच पिढीत ड्रम सोडले, फोर्ड रेंजरच्या २०२२ पासूनच्या पिढीतही बऱ्याच प्रकारांत मागे डिस्क आल्या. वारं त्याच दिशेने आहे, तेव्हा हे कलम झालंच समजा.

हायब्रिडबद्दल मी आधी नाक मुरडायचो. मत बदललं ते इंधनामुळे नाही, हौद्यातल्या प्लगमुळे. कामाच्या जागी जनरेटर न नेता कटर चालतो, हे एकदा अनुभवलं की माणूस मागे फिरत नाही. टॅकोमाच्या हायब्रिडमध्ये २,४०० वॉटचा पुरवठा मिळतो. रेंजरच्या प्लग-इन प्रकारात काही बाजारांत ६.९ किलोवॉटपर्यंत, म्हणजे वेल्डिंगचं छोटं मशीनही आरामात. आणि त्या रेंजरने ३,५०० किलो ओढण्याची क्षमता राखली, हे मला इंजिनापेक्षा मोठं काम वाटतं. कारण उलट उदाहरणंही आहेत. बीवायडी शार्क ६ मध्ये जवळपास ३० किलोवॉट-तासांची बॅटरी आहे, पण ऑस्ट्रेलियात तिची ओढक्षमता २,५०० किलो आणि भारक्षमता ७९० किलो सांगितली गेली. पूर्ण इलेक्ट्रिकमध्ये फरक आणखी उघडा पडतो. इसुझू डी-मॅक्सच्या इलेक्ट्रिक गाडीत ६६.९ किलोवॉट-तासांची बॅटरी, एक टन भार, साडेतीन टन ओढ. पण डब्ल्यूएलटीपी या मोजणीच्या मानकाप्रमाणे एका चार्जमध्ये २६३ किलोमीटर, आणि तेही मागे ट्रेलर नसताना. कोणीतरी कुठेतरी किंमत मोजतोच. इथे भार वाचवला, अंतर गेलं.

मोठ्या टाकीचंही तेच. चाळीस लिटर डिझेल जास्त म्हणजे ३४ किलो आणि टाकीचं वजन वेगळं. लांब एकट्याने फिरणाऱ्याला उपयोगी, पाच माणसं घेऊन ट्रेलर ओढणाऱ्याला महाग.

स्क्रीनवर मी दोनच वाक्यं खर्च करतो. मोठा चालेल, पण वाइपर, हॅझर्ड आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांना खरी बटणं हवीत, हातमोजे घालून दाबता येतील अशी. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून गुणांकनात इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वाइपर अशा मोजक्या गोष्टींच्या स्वतंत्र कळांना वजन दिलं आहे, तेव्हा कंपन्या ऐकतील.

जे यादीत नाही पण असायला हवं, त्यात भारक्षमतेनंतर मागची सीट येते. आरामासाठी म्हणत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने याच आकाराच्या पाच क्रू-कॅब (म्हणजे डबल-कॅब) पिकअप समोरून आदळवल्या आणि या वेळी मागे बसलेल्या प्रवाशाचं काय होतं ते मोजलं. एकाही गाडीला 'चांगली' श्रेणी मिळाली नाही. चालकासाठी सगळं सुधारत गेलं आणि मागचा पट्टा जुनाच राहिला. पुढच्या पट्ट्यात धडकेच्या क्षणी ताण घेणारी आणि मग छातीवरचा जोर मर्यादित ठेवणारी यंत्रणा असते, मागे ती बऱ्याचदा नसते. शोरूममध्ये हे एका प्रश्नात विचारता येतं: मागच्या दोन्ही पट्ट्यांना प्रीटेन्शनर (ताण घेणारी ती यंत्रणा) आहे का? विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याला तांत्रिक तक्ता उघडायला लावा. मुलं मागे बसतात.

मग गंज. २०१६ मध्ये अमेरिकेत टोयोटाने चासीच्या गंजाच्या दाव्यात मोठा समझोता केला. टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया मिळून सुमारे १५ लाख गाड्या, आणि खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत. एवढी पोळल्यावर सगळ्याच कंपन्या शहाण्या झाल्या असतील असं वाटतं, पण वर्कशॉपमध्ये अजून तेच दिसतं. बंद पेटीसारख्या चासीला खालून पाणी जायला भोकं असतात. ती मातीने बुजतात, आत ओल राहते, आणि बाहेरून रंग शाबूत असताना लोखंड आतून पापुद्रे सोडतं. मी लहान हातोडीने ठोकत जातो. निरोगी चासी खणखणते, सडलेली बद्द वाजते. हा आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही.

याच गंजाचा धाकटा भाऊ म्हणजे स्टेपनी. हौद्याखाली साखळीवर टांगलेलं चाक. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी खाली उतरवलं होतं? सात वर्षांच्या गाड्यांत निम्म्या वेळा दांडा फिरतो पण साखळी हलत नाही, किंवा चाक अर्ध्यावर येऊन लटकतं. मग टायर पंक्चर झालेला, जॅक लावलेला, आणि स्टेपनी डोळ्यासमोर असून हातात नाही. एका गाडीची साखळी मला शेवटी कापावी लागली होती. पुढच्या मॉडेलमध्ये गंज न धरणारी साखळी आणि चिखलापासून झाकलेली चरखी द्या, एवढं मी कुठल्याही बारा इंची स्क्रीनच्या बदल्यात आनंदाने घेईन.

हौद्याबद्दल मालक कमी मागतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. रेंजरच्या नव्या पिढीत गाडी ५० मिलिमीटर रुंद झाली आणि चाकांच्या कमानींमध्ये पूर्ण आकाराचं पॅलेट बसायला लागलं. मागच्या चाकामागे हौद्याच्या कडेला पाय ठेवायला पायरी आली. कागदावर क्षुल्लक, पण रोज हौद्यात चढणाऱ्याच्या गुडघ्यांना विचारा. माझी स्वतःची मागणी फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) रबराची आहे. कॅनोपी लावलेली गाडी कच्च्या रस्त्यावर पळते तेव्हा मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या कडेने, विशेषतः खालच्या बिजागरीजवळून, धूळ आत ओढली जाते. मालक कॅनोपीवाल्याशी भांडतात. दहापैकी आठ वेळा गुन्हेगार फाळका असतो. कारखान्यातून तिथे रबर आलं तर निम्मी भांडणं मिटतील.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एकच हवं: कोरड्या डांबरावर, वळणावरही बिनधास्त चालेल असा मोड. मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसलेली साधी पद्धत कोरड्या रस्त्यावर लावली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी कुस्ती खेळतात. मित्सुबिशी ट्रायटनच्या सुपर सिलेक्टमध्ये आणि फोक्सवॅगन अमारोकच्या कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्हमध्ये हे फार आधी सुटलेलं होतं. पाऊस येतो-जातो अशा रस्त्यावर याचा खरा फायदा कळतो.

आता, मागितलेलं पोचतं कसं? या वर्गातली गाडी कारसारखी पाच-सहा वर्षांनी बदलत नाही. टोयोटा हायलक्सची आठवी पिढी २०१५ ची, नववी २०२५ मध्ये दिसली. अमारोक २०१० नंतर थेट २०२२. म्हणजे या फेरीत राहिलेली गोष्ट दशकभर राहते. आणि इंजिनिअरांपर्यंत अपेक्षांच्या याद्या क्वचित पोचतात, पोचतात ते वॉरंटीचे दावे आणि जॉबकार्डावरचे शब्द. म्हणून सर्व्हिसला गाडी देताना 'मागून आवाज' असं मोघम लिहू देऊ नका. 'हौद्यात तीनशे किलो असताना, ४० च्या वेगाला, खड्ड्यात उजव्या मागच्या बाजूने ठक्क' असं लिहून घ्या आणि प्रत मागा. असे शंभर कागद एका भागाच्या नावावर साचले की तो भाग बदलतो, बहुधा मॉडेल बदलायच्या आधीच.

थांबायचं का? सात वर्षं म्हणजे या गाडीचं अर्धं आयुष्यही नाही, जर चासी खणखणत असेल. आणि नवीन पिढीची पहिल्या वर्षाची गाडी मी स्वतः घेत नाही, हा माझा जुना हट्ट आहे. तोवर हे करा. भरलेली गाडी काट्यावर घाला, आधी पूर्ण, मग फक्त मागची चाकं. दोन्ही आकडे दारावरच्या पट्टीशी ताडा. पाट्यांचे बुश आणि मधला सेंटर बोल्ट तपासून घ्या. सात वर्षांत बुश चिरलेले असणारच, ते बदलले की चाल इतकी सुधारते की कॉइलचा विषय काही काळ मागे पडेल. चासीची भोकं तारेने मोकळी करून आतून मेणाचा फवारा मारून घ्या. आणि येत्या रविवारी, पंक्चर नसताना, स्टेपनी एकदा खाली उतरवून बघा. साखळी अडली तर तेल टाकून ओढाताण करू नका, तशीच घेऊन या.